पंख्याचा पिच आणि आठ प्रवासी : शिवोलीच्या वाचकांच्या आक्षेपाला उत्तर

आपली प्रतिक्रिया तिखट असली तरी आकड्यांनिशी लिहिलेली आहे, त्यामुळे दोन ओळींत तिची बोळवण करणे मला प्रशस्त वाटत नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे : माझ्या लेखावर विसंबून आपण आपल्या वीस फुटी फायबर होडीच्या ४० अश्वशक्तीच्या आऊटबोर्डवरचा (मागच्या बाजूला टांगलेल्या इंजिनावरचा) १३ इंच पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कागदावर १३ इंच पुढे सरकणारा, पंखा काढून ११ इंचांचा बसवला. रिकाम्या होडीला पूर्वी ५,००० आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांवर) २२ नॉट, म्हणजे ताशी २२ सागरी मैल, वेग मिळत असे, तो आता ५,४०० आरपीएम होऊनही २० नॉटवर आला आणि पेट्रोल मात्र जास्त जाऊ लागले. पुस्तकी हिशेब मांडण्याऐवजी मी चापोऱ्याच्या एखाद्या जुन्या तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्या नाखव्याला, विचारायला हवे होते, असेही आपण सुनावले आहे.

पहिली चूक माझी आहे आणि ती मी आधी मान्य करतो. ‘पिच कमी केल्यास होडी हलकी चालेल आणि वेगही वाढेल’ असे सरसकट वाक्य मी लिहिले होते. ते बरोबर नाही. मुळात जे इंजिन ओझ्याखाली दबलेले आहे, त्याच्याच बाबतीत पिच कमी केल्याने वेग वाढू शकतो. आपले इंजिन रिकाम्या होडीत दबलेले नव्हतेच.

हे आपल्याच आकड्यांवरून दिसते. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, पाणी जर लाकडासारखे घट्ट असते तर, स्क्रूप्रमाणे जितका पुढे गेला असता ते अंतर. इंजिनाच्या आरपीएमला गिअरच्या प्रमाणाने भागून, इंचांतल्या पिचने गुणून, १,२१५ ने भागले की कागदावरचा वेग नॉटमध्ये मिळतो. गिअरचे प्रमाण २ धरले, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा, तर १३ च्या पंख्याला ५,००० आरपीएमवर सुमारे २६.७ नॉट आणि ११ च्या पंख्याला ५,४०० वर सुमारे २४.४ नॉट येतात. आपला प्रत्यक्ष वेग या दोहोंपेक्षा जवळपास १८ टक्क्यांनी कमी आहे. पाणी घट्ट नसल्यामुळे पंखा जो घसरतो, तो हा फरक, आणि अशा होडीला तो स्वाभाविकच म्हणायला हवा. म्हणजे नवा पंखा जुन्याइतकेच पाणी धरतो आहे. तो फक्त गाडीच्या खालच्या गिअरसारखा आहे. पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे इंधनाची झडप पुरती उघडल्यावर, इंजिन अधिक फेरे घेत असल्याने पेट्रोल वाढले, यातही नवल नाही.

वेगाच्या त्या दोन नॉटांबद्दल मात्र एक शंका. आपण वेग मोबाइलच्या जीपीएसवर पाहिला, आणि जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग सांगतो, पाण्याच्या नव्हे. चापोरा नदीत ओहोटीला मुखाकडे जाताना प्रवाह होडीला पुढे ढकलतो आणि परतताना मागे ओढतो. दोन पंख्यांच्या चाचण्या वेगवेगळ्या वेळी झाल्या असतील, तर एखादा नॉट तिथेच हरवू शकतो. त्याच पट्ट्यात लागोपाठ जाऊन-येऊन वेग मोजावा आणि दोहोंची सरासरी घ्यावी.

परंतु आपल्या प्रतिक्रियेतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे : आठ पर्यटक बसले की १३ च्या पंख्यावर इंजिन ४,१०० च्या वर जात नाही आणि होडी नाक वर करून चालते. सगळा प्रश्न या वाक्यात आहे. आपल्या इंजिनासाठी उत्पादकाने पूर्ण थ्रॉटलवर ४,५०० ते ५,५०० आरपीएमची मर्यादा दिली असल्याचे आपणच कळवले आहे. थ्रॉटल पूर्ण उघडा असूनही फेरे ४,१०० वर अडकतात, तेव्हा ते इंजिन चढावर वरच्या गिअरमध्ये हाकलेल्या स्कूटरसारखे गुदमरत असते. सिलिंडर तापतात, कार्बन साठतो, पिस्टनवर ताण येतो. आणि होडी पाण्याच्या पाठीवर चढत नसल्यामुळे जळलेले पेट्रोल लाटा उठवण्यात खर्ची पडते. डॉल्फिन दाखवायला दिवसातून चार-पाच फेऱ्या मारणाऱ्या होडीचा पंखा रिकाम्या होडीच्या वेगावरून ठरवणे म्हणजे नवरदेवाला सोडून घोड्याच्या मापाचा अंगरखा शिवण्यासारखे आहे.

पिच एक इंचाने बदलला की साधारणपणे १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. त्या हिशेबाने ११ च्या पंख्यावर भरलेल्या होडीत आपल्याला ४,४०० ते ४,५०० मिळायला हवेत, म्हणजे मर्यादेच्या जेमतेम उंबरठ्यापर्यंत. ही चाचणी आपण केलेली दिसत नाही, तीच करावी. १० चा पंखा घेतल्यास भरलेली होडी अधिक मोकळी चालेल, पण रिकामी परतताना इंजिन ५,५०० ओलांडेल आणि थ्रॉटल आवरता घ्यावा लागेल. प्रवासी वाहणाऱ्या होडीसाठी मी तो त्रास पत्करेन. त्याआधी मात्र तळावरचे शेवाळ आणि कवचाचे जीव खरवडून काढावेत, होडीत साठलेले पाणी उपसावे, आणि पंख्याच्या वरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत आहे ना, ते पाहावे. इंजिन फार उंच बसवलेले असेल तर पंखा वरून हवा ओढतो, फेरे वाढतात, वेग वाढत नाही आणि दोष विनाकारण पिचवर येतो.

व्यासाबद्दल आपण मालिमच्या जेटीवरील ट्रॉलरचे उदाहरण दिले आहे : त्यांचे पंखे मोठे, म्हणून आपलाही मोठा हवा. ट्रॉलरच्या बाबतीत ते अगदी रास्त आहे. तिथे डिझेल इंजिनाचे फेरे गिअरबॉक्समध्ये बरेच कमी केले जातात आणि जाळे ओढताना वेग थोडाच असतो, त्यामुळे सावकाश फिरणारा मोठ्या व्यासाचा पंखा पुष्कळ पाणी रेटतो. आऊटबोर्डला तेवढी जागाच नसते. त्या आडव्या प्लेटखाली मावेल तो व्यास उत्पादकाने आधीच ठरवून दिलेला असतो आणि आपल्या हाती उरतो तो मुख्यतः पिच.

चार पात्यांचा पंखा कमी वेगात होडी चांगली पेलतो. तो घेतलाच, तर पिच आणखी एक इंच उतरवावा. स्टीलच्या पंख्याचा मोह मात्र मला नाही. मोरजीच्या बाजूच्या वाळूत ॲल्युमिनियमचे पाते वाकते आणि ठोकून सरळ करता येते. स्टील सहजी वाकत नाही, पण धक्का वर गिअरपर्यंत पोहोचण्याची भीती वाढते.

राहता राहिला तांडेल. इंजिनाच्या आवाजावरून पंखा जड आहे की हलका, हे जुना तांडेल ओळखतो, यात मला तिळमात्र शंका नाही, कारण तोही कानाने आरपीएमच मोजत असतो. फक्त ४,४०० आणि ४,७०० यांतला फरक कानाला पकडणे कठीण, आणि आपला निर्णय नेमका तेवढ्याच फरकावर अडला आहे. त्यासाठी फेरे मोजणारा टॅकोमीटर हवा.

जुना १३ चा पंखा विकू नये. तो होडीतच जादा पंखा म्हणून ठेवावा, सोबत पाना आणि पंख्याचा नट अडवणाऱ्या दोन-तीन जादा कॉटर पिना. पंखा बदलताना किल्ली काढून ठेवावी, शाफ्टला सागरी ग्रीस लावावे आणि पंख्याच्या पुढचा थ्रस्ट वॉशर जुन्या पंख्याला चिकटून निघून आला नाही ना, हे पाहावे. तो राहून गेला तर पंखा गिअरच्या घरावर घासू लागतो. आठ प्रवाशांसह ११ वर मिळालेला आकडा कळवल्यास १० चा पंखा घ्यायचा की नाही, हे मला नेमके सांगता येईल.