प्लूटो रशियापेक्षा मोठा आहे

घोडबंदर रोडवरच्या आमच्या संकुलात यंदा गणेशोत्सवातल्या मुलांच्या प्रश्नमंजुषेला ‘अजब रशिया’ हा विषय ठरला आहे. प्रश्न काढलेत ते व्हॉट्सॅपवर कित्येक वर्षं फिरणाऱ्या एका मेसेजवरून. तुमच्याही ग्रुपवर तो येऊन गेला असेल. त्याचं म्हणणं असं: रशिया प्लूटो ग्रहापेक्षा मोठा आहे, नकाशात तर आफ्रिकेपेक्षाही मोठा दिसतो. जगात सर्वाधिक टाइम झोन रशियात आहेत. जगातलं सर्वांत थंड ठिकाण रशियातलं ओयम्याकोन. पृथ्वीवरचं वीस टक्के पाणी एकट्या बैकल सरोवरात. रशिया आणि अमेरिका यांच्यात फक्त चार किलोमीटर अंतर. नॉर्वे आणि उत्तर कोरिया यांच्यामध्ये एकच देश.

यातलं शेवटचं निर्विवाद खरं आहे, चार किलोमीटरचं अर्धं खरं. बाकीची उत्तरं अशीच ‘बरोबर’ म्हणून धरली, तर नीट वाचून आलेल्या मुलाचेच गुण कापले जातील. ते होऊ नये म्हणून लिहिते आहे.

प्लूटोपासून सुरुवात करू. २००६ पासून तो ग्रह नाही, बटुग्रह आहे. पण खरी चूक आकड्यात आहे. रशियाचं क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ७१ लाख चौरस किलोमीटर. पूर्वी प्लूटोचा व्यास थोडा कमी धरला जाई, त्या हिशेबाने रशिया किंचित मोठा ठरायचा. जुलै २०१५ मध्ये ‘न्यू होरायझन्स’ यान प्लूटोजवळून गेलं आणि व्यास सुमारे २३७७ किलोमीटर असल्याचं स्पष्ट झालं. त्यावरून पृष्ठभाग निघतो सुमारे १ कोटी ७७ लाख चौरस किलोमीटर. म्हणजे प्लूटो मोठा, आणि फरकही थोडाथोडका नाही, त्यात दोन महाराष्ट्र बसतील. मेसेज मात्र २०१५ च्या आधीच अडकला आहे.

आफ्रिकेचं दोन ओळींत संपतं. तिचं क्षेत्रफळ तीन कोटी चौरस किलोमीटरच्या वर आहे, रशियाच्या पावणेदोन पट. भिंतीवरच्या मर्केटर नकाशात ध्रुवांकडचे प्रदेश ताणले जातात, म्हणून रशिया तसा दिसतो.

टाइम झोनच्या बाबतीत पहिला नंबर फ्रान्सचा. पॅसिफिकपासून हिंदी महासागरापर्यंत विखुरलेल्या बेटांमुळे त्याचे बारा होतात. रशियाचे अकरा, तेही २०१० ते २०१४ या काळात नऊच होते. पण रशियाचे हे झोन दूरवरच्या बेटांच्या जोरावर झालेले नाहीत, देशच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तेवढा पसरला आहे. पश्चिम टोकाच्या कालिनिनग्राडला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा पूर्व टोकाच्या कामचात्कात दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडून सात वाजलेले असतात. मुलांना विचारायचं तर हे विचारा ना!

ओयम्याकोनवर मला जास्त बोलायचं आहे, कारण इथे भूगोल शिकवण्याची खरी संधी आहे. सर्वांत कमी तापमान नोंदलं गेलं अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक केंद्रावर, २१ जुलै १९८३ रोजी: उणे ८९.२ अंश. केंद्र सोव्हिएत संघाचं होतं, जमीन रशियाची नाही. उत्तर गोलार्धाचा विक्रमही ग्रीनलंडकडे आहे, उणे ६९.६, १९९१ सालचा. ओयम्याकोनची १९३३ सालची नोंद आहे उणे ६७.७. मग त्याचं वेगळेपण कशात? तिथे माणसं कायम राहतात, मुलं शाळेत जातात. मेसेजने नेमकं हेच गाळलं. ओयम्याकोन सायबेरियातल्या ज्या याकुतिया प्रांतात आहे, तिथल्याच व्हर्खोयान्स्कमध्ये १८९२ साली उणे ६७.८ नोंदलं गेलं आणि जून २०२० मध्ये अधिक ३८. एकाच गावात शंभराहून जास्त अंशांचा फरक! समुद्र फार लांब, त्यामुळे हिवाळ्यात जमीन झपाट्याने थंड होते, जड गार हवा दरीच्या तळाशी साचून राहते, आणि उन्हाळ्यात तीच जमीन तितक्याच वेगाने तापते. पुस्तकातलं ‘विषम हवामान’ ते हेच. ठाण्याला खाडी आणि पलीकडे समुद्र, म्हणून आपल्याकडे थंडीत साधा स्वेटरही फार दिवस लागत नाही. दोन्ही गावं शेजारी मांडली की सम आणि विषम हवामान पाठ करावं लागत नाही.

बैकलमध्ये पृथ्वीवरचं वीस टक्के पाणी नाही. पृथ्वीवरचं जवळपास सत्त्याण्णव टक्के पाणी खारं आहे, आणि गोड्यातलंही बहुतेक हिमनद्यांत किंवा जमिनीखाली. उरलेलं, म्हणजे पृष्ठभागावरचं न गोठलेलं गोडं पाणी, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा बैकलमध्ये आहे. अमेरिका-कॅनडाची पाच महासरोवरं मिळून साधारण तेवढंच पाणी भरतं. कारण बैकल १६४२ मीटर खोल आहे. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. समुद्रसपाटीपासून मोजून आख्खं शिखर त्या पाण्यात उभं केलं, तर चार मीटर माथा तेवढा वर राहील.

चार किलोमीटरचं अंतर आहे ते बेरिंग सामुद्रधुनीतल्या दोन डायोमीड बेटांमधलं, मोठं रशियाचं, छोटं अमेरिकेचं. वाशीच्या खाडीपुलाच्या साधारण दुप्पट. मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते, म्हणून छोट्यावर सोमवारची सकाळ असते तेव्हा मोठ्यावर मंगळवार सुरू झालेला असतो. दोन्ही देशांच्या मुख्य भूमींत मात्र ऐंशीहून जास्त किलोमीटरची बेरिंग सामुद्रधुनी आहे आणि तिच्यावर पूल नाही. तेव्हा प्रश्नात ‘बेटांमधलं अंतर’ असं स्पष्ट लिहा.