उकिरड्यावर फेकलेला गडी

दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस आले की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत गावोगावी रात्रभर नाटके चालतात, आणि पहाटे खलनायकाचा निकाल लागला की माणसे चादरी गुंडाळून समाधानाने घरी निघतात. ते समाधान मी लहानपणापासून अनुभवलेले आहे. म्हणूनच शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधल्या न्यायाचा प्रश्न मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

त्यात लिअर राजाच्या थोरल्या मुली गॉनरिल आणि रीगन, सरदार ग्लॉस्टरचा अनौरस मुलगा एडमंड आणि रीगनचा नवरा कॉर्नवॉल हे चारही दुष्ट मरतात, पण राजाची निरपराध धाकटी मुलगी कॉर्डेलिया हिलाही फास बसतो. हे न सोसून नाटककार नाहूम टेटने १६८१ मध्ये शेवट बदलला, तिला जिवंत ठेवून ग्लॉस्टरच्या भल्या मुलाशी, एडगरशी तिचे लग्न ठरवले, आणि पुढे सुमारे दीडशे वर्षे इंग्लंडच्या रंगभूमीवर बहुतांशी हाच गोड शेवट दाखवला गेला. राजकन्येसाठी हळहळणारे असे पुष्कळ झाले. माझा जीव मात्र तिसऱ्या अंकातल्या एका नोकरापाशी अडकतो, ज्याला नाटकात नावसुद्धा नाही.

लिअरला मदत करणाऱ्या म्हाताऱ्या ग्लॉस्टरला खुर्चीला बांधून कॉर्नवॉल त्याचा एक डोळा काढतो, तेव्हा त्याच्याच घरात वाढलेला हा गडी पुढे होऊन मालकाला हात आवरायला सांगतो; लहानपणापासून केलेल्या चाकरीत याहून मोठी चाकरी नाही, असे त्याचे म्हणणे असते. तलवारी निघतात, कॉर्नवॉलला जिवावरचा घाव बसतो, आणि एका कुळवाड्याने असे उभे राहावे याचा संताप येऊन रीगन त्याला पाठीमागून मारते. ग्लॉस्टरचा दुसरा डोळाही जातोच. गड्याला उकिरड्यावर फेकण्याचा हुकूम होतो.

हा प्रसंग वाचला की मला आमच्या घरचा सालगडी दिसतो. चिखलात बसलेल्या बैलाला घरातले एक वडीलधारे तुतारीने, म्हणजे टोकदार काठीने, टोचत होते, तेव्हा त्याने ‘मालक, पुरे’ म्हणून त्यांचे मनगट धरले. त्या पाडव्याला त्याचे साल पुन्हा धरले गेले नाही, आणि घरातल्या कोणीही, मीसुद्धा, त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

कॉर्नवॉल मेल्याचे कळताच गॉनरिलचा नवरा ऑल्बनी म्हणतो की वर न्याय करणारे आहेत. ऑल्बनी भला माणूस आहे, पण त्याचे हे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. तो न्याय वरून आलेला नव्हता; खाली उभ्या असलेल्या माणसाने जीव देऊन तो केला होता, आणि त्याचे नाव काय, हे ऑल्बनीने विचारलेदेखील नाही. दुष्टाला शिक्षा झाली एवढ्यावर न्याय पुरा झाला असे मानले, तर ती करणारा माणूस हिशेबातून गळतो.

१६०८ च्या छापील प्रतीत या प्रसंगाच्या शेवटी आणखी दोन नोकर बोलतात; १६२३ च्या प्रतीत त्यांचे संवाद नाहीत. झाडीपट्टी नाटकांचे केंद्र असलेल्या वडसाच्या एखाद्या नाटकमंडळीने हे नाटक कधी उभे केले, तर त्यांनी हा भाग वगळू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मालक-मालकीण निघून गेल्यावर ते दोघे ग्लॉस्टरच्या रक्ताळलेल्या चेहऱ्यावर लावण्यासाठी जवसाचे तंतू आणि अंड्यांचा पांढरा बलक आणायला निघतात.