मास्तरांनी फिरायचं की मुलांनी?

खाणवाल्यांचं आणि रेल्वेवाल्यांचं भाड्यावरून फिसकटलं नसतं, तर आमची ही सायकलसहल झालीच नसती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमधल्या तेरुएल प्रांतातलं लोहखनिज ओखोस नेग्रोसच्या खाणीतून भूमध्य समुद्राकाठी सागुंतोला न्यायचं होतं. त्या दिशेने रेल्वे होतीच, पण दर जमेना. मग खाणकंपनीने हट्टाने शेजारून स्वतःचे रूळ टाकले. १९०७ मध्ये गाड्या धावू लागल्या आणि १९७२ मध्ये थांबल्या. रूळ गेले, पूल आणि बोगदे राहिले, आणि आता त्यावरून सायकली जातात. बंद रेल्वेमार्गांना असं कामाला लावायचा कार्यक्रम स्पेनने १९९३ मध्ये हाती घेतला. आज देशभर असे ३ हजार किलोमीटरहून जास्त रस्ते आहेत, त्यांना 'विया वेर्दे' म्हणतात. आमचा त्यातला सगळ्यात लांब, साधारण १६० किलोमीटरचा.

आम्ही चौघं व्हॅलेन्सियात राहणारे. सायकली गाडीत चढवून तेरुएलला गेलो आणि तिथून समुद्राकडे निघालो. खनिजाच्या भरलेल्या गाडीला जेवढा चढ झेपेल तेवढाच या रस्त्याला आहे. एस्कान्दोनच्या घाटापर्यंत दम काढावा लागतो, पुढे सारिओन, आल्बेन्तोसा, बाराकास असं पठार, आणि मग खेरिका, सेगोर्बेकडे उतार. कुठे मुरूम, कुठे डांबर. पठारावर वारा समोरून आला की सपाट रस्ताही चढासारखा वाटतो. बाकी सायकलीचं कौतुक इतकंच पुरे, कारण मला लिहायचंय ते वाटेतल्या गावांबद्दल, आणि तिथे बसून फोनवर वाचलेल्या, रत्नागिरीतल्या आमच्या गावच्या शाळेवरून चाललेल्या भांडणाबद्दल.

तेरुएल प्रांत जवळपास १४,८०० चौरस किलोमीटरचा आणि माणसं १ लाख ३५ हजारांच्या आसपास. आमचा रत्नागिरी जिल्हा याच्या निम्म्याहून थोडा मोठा आणि २०११ च्या जनगणनेत तिथे १६ लाखांवर माणसं. दुपारी दोननंतर तेरुएलमधल्या गावात शिरलं की हा आकडा डोळ्यांना दिसतो. खिडक्यांचे पडदे खाली, चौकात कारंज्याची धार, आणि उघडं असेल तर एकच दार. एका गावात आम्ही उतरलो, तिथे ते दारही ग्रामपंचायतीच्या मालकीचं होतं. शेवटचं दुकान बंद पडू नये म्हणून जागा पंचायतीने द्यायची आणि एखाद्या कुटुंबाने नाममात्र भाड्यावर चालवायची, अशी सोय या प्रांतात बऱ्याच गावांत आहे. दारातून आत गेलं की डावीकडे कॉफीचं यंत्र, उजवीकडे कपडे धुण्याची पावडर, तांदूळ, टॉर्चचे सेल, आणि वर झोपायला खोल्या. मालकीणबाई आमच्यासाठी बटाट्याचं ऑम्लेट उलटता उलटता एका आजोबांना कुरिअरचं पाकीट काढून देत होत्या.

आमच्यातली एक याच भागातली, संगीत शिकवणारी शिक्षिका. ती पाच गावांच्या मिळून एका शाळेत आहे. १९८६ पासून स्पेनमध्ये अशी सरकारी सोय आहे: मुख्याध्यापक एक, दप्तर एक, पण वर्ग आपापल्या गावातच. वर्गशिक्षक गावात, आणि संगीत, इंग्रजी, व्यायाम शिकवणारे मात्र आठवडाभर गावोगाव फिरतात. तिच्या गाडीच्या डिकीत बासऱ्यांची पेटी, छोटे ढोल, घडीचा कीबोर्ड आणि हिवाळ्यात चाकांना लावायच्या साखळ्या असतात. गाडीत जाणारा वेळ कामाचा धरतात, किलोमीटरचे पैसे मिळतात. एका वर्गात तीन वर्षांच्या पोरापासून बारा वर्षांच्या पोरीपर्यंत सगळे मिळून सातजण. "वाद्यवृंद होत नाही, पण कोणी मागच्या बाकावर लपू शकत नाही," असं ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी गावच्या ग्रुपवर पुन्हा पटसंख्येवरून जुंपली होती. परदेशात असलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. शिक्षण विभागाने २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायचे प्रस्ताव मागवले. इतक्या कमी पटाच्या शाळा तेव्हा राज्यात १५ हजारांच्या घरात होत्या. समूह शाळा आधीच सुरू झालेल्या पानशेत आणि तोरणमाळचे दाखले दिले गेले. म्हणणं असं, की चार पोरांना एक गुरुजी शिकवण्यापेक्षा मुलांना गाडीने एका चांगल्या शाळेत आणू, तिथे प्रयोगशाळा, मैदान, सोबती मिळतील. विरोधकांचं म्हणणं, शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत हवी. आमच्या ग्रुपवर मुंबईकर बहुतेक समूह शाळेच्या बाजूचे, आणि गावात राहणारे विरोधातले. माझा चुलतभाऊ, म्हणजे दादा, शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. आमच्या वाडीतल्या शाळेचा पट आता दोन आकडी नाही.

मी संगीतवाल्या मैत्रिणीची हकीकत ग्रुपवर टाकली. दादाचा लगेच फोन. "अगो, तिकडे सरकारकडे पैसा आहे. इकडे आमच्या गुरुजींना जनगणना, निवडणूक, पोषण आहार, सगळं बघायचं असतं. फिरणार कधी?" त्याचं खरं आहे. आणि परदेशात बसून "आमच्याकडे बघा कसं" म्हणणाऱ्यांचा मलाही कंटाळा येतो. तेरुएलने काही जादू केलेली नाही. बाराव्या वर्षानंतर तिथलीही मुलं बसने मोठ्या गावातल्या शाळेत जातात. बरेच शिक्षक शहरात राहतात आणि वर्षा-दोन वर्षांत बदली मागतात. दर चौरस किलोमीटरला नऊ माणसं असलेल्या प्रांताचा नियम कोकणाला जसाच्या तसा लागू होणारही नाही.

पण पैशाचा मुद्दा मला पटत नाही. समूह शाळेतही गाड्यांचा खर्च आहेच. प्रश्न इतकाच, की त्या गाडीत कोण बसणार. राजापूर-लांज्याकडच्या वाड्यांमध्ये जुलैत ओढ्याला पाणी आलं की मोटरसायकल थांबते. तिथे सहा वर्षांच्या मुलांनी भरलेली गाडी रोज दोन वेळा काढायची, की चांगल्या तिघा-चौघा शिक्षकांना आठवड्याच्या वेळापत्रकाने फिरवायचं? शिक्षक एखाद दिवशी अडकला तर संगीताचा तास बुडेल, वर्गशिक्षक वाडीत आहेतच. मुलांची गाडी अडकली तर अख्खा दिवस बुडेल, आणि आईचा जीव टांगणीला. आणि आपल्याकडे नवीन काही बांधायलाही नको. केंद्रशाळा आहेत, केंद्रप्रमुख आहेत, आठ-दहा शाळांचं केंद्र कागदावर कधीपासून आहे. त्या केंद्राला फिरते शिक्षक दिले तर निम्मं काम झालं. राहता राहिला सोबत्यांचा मुद्दा, तो मात्र समूह शाळावाल्यांचा खरा आहे. चार मुलांत कबड्डी होत नाही. मैत्रिणीच्या पाचही गावांतली मुलं अधूनमधून एका ठिकाणी जमतात, तेवढं आपल्यालाही जमेल.

ग्रुपवर दुसरी एक सूचना नेहमी येते: पर्यटन वाढवा, होमस्टे काढा, गाव आपोआप भरेल. मी त्या सायकलच्या रस्त्यावरून आले म्हणून सांगते, नाही भरत. आम्ही चौघांनी कॉफी घेतली, ऑम्लेट खाल्लं, एक रात्र झोपलो आणि निघालो. दुकान चालायला आमचा उपयोग झाला असेल, पट एकानेही वाढला नाही. सारिओनमध्ये वेगळं दिसतं, कारण तिथे ओकसारख्या झाडांच्या मुळाशी काळी ट्रफल पिकवतात. जमिनीत वाढणारी ही महागडी बुरशी, कुत्र्यांकडून हुंगवून काढायची. त्या शेतीने तरुण घरं टिकवली. आणि इतर गावांत वर्ग कोणी टिकवलेत? मैत्रिणीच्या सातजणांत चार मोरोक्को आणि रुमानियातून आलेल्या कुटुंबांतली. आमच्याकडेही तेच आहे, फक्त मुंबईकरांना माहीत नाही. हापूसच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात, आणि वाडीतल्या शाळेच्या हजेरीपटावर सगळ्यात नियमित हजेरी त्यांच्या मुलांची असते.

एका बाबतीत मात्र तेरुएलकरांचा मला हेवा वाटला. १९९९ मध्ये त्यांनी 'तेरुएल एक्सिस्ते', म्हणजे 'तेरुएल आहे', नावाची नागरिकांची चळवळ सुरू केली. ३१ मार्च २०१९ रोजी ओस पडत चाललेल्या प्रांतांतले लोक माद्रिदच्या रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेरुएलने या चळवळीचा एक खासदार संसदेत पाठवला, आणि जानेवारी २०२० मध्ये पेद्रो सांचेझ यांचं सरकार १६७ विरुद्ध १६५ मतांनी आलं. त्या १६७ मध्ये तेरुएलचं मत होतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये घटली. रत्नागिरीची जवळपास ८२ हजारांनी. याच्यावर आपल्याकडे कधी निवडणूक झाल्याचं मला आठवत नाही. गणपतीच्या जादा गाड्या आणि मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे यांवर होते. ते प्रश्न खरेच आहेत, पण ते गावी येणाऱ्यांचे आहेत, गावी राहणाऱ्यांचे नाहीत.

सेगोर्बेला पोचलो तोवर दादाने गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यायचा अर्ज लिहून ग्रुपवर टाकला होता. शाळा वाचवा वगैरे त्यात काही नाही. मुलांसाठी गाडी मंजूर होणार असेल तर तीच गाडी केंद्रातल्या फिरत्या शिक्षकांना द्यावी, आणि इंग्रजीचा तास आठवड्यातून दोनदा वाडीत व्हावा, इतकंच. मुंबईकरांपैकी अजून कोणी सही केलेली नाही. पालकांच्या सह्या मात्र पूर्ण झाल्यात, त्यातल्या दोन नेपाळी आहेत.