शंभर जणांनी ड्रग्ज लीगल केले म्हणे. कुणी सांगितलं?

आमच्या नातेवाईकांच्या दोन ग्रुपवर आणि शाळेच्या एका ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: "आयर्लंडने रस्त्यावरचे १०० लोक धरून आणले, त्यांनी हात वर केले आणि ड्रग्ज लीगल झाले. ज्यांना विषयातलं ओ की ठो कळत नाही ते कायदे करणार, मग खासदार कशाला? उद्या हे आपल्याकडे आणतील, पोरं सांभाळा." मी आठ वर्षं डब्लिनमध्ये राहतेय आणि यातलं जवळपास एकही वाक्य खरं नाही, म्हणून एकेक घेते.

आधी ते "लीगल झाले". झालेच नाहीत. १९७७ चा ड्रग्जचा कायदा आहे, त्यात नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. सिटिझन्स असेंब्ली, म्हणजे नागरिकांची सभा, २०२३ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर सहा वीकेंड बसली आणि जानेवारी २०२४ मध्ये ३६ शिफारशींचा रिपोर्ट आला. मुख्य शिफारस अशी की बाळगणं बेकायदाच राहू द्या, पण स्वतःपुरतं सापडलं तर त्या माणसाला आधी उपचाराकडे वळवा, शिक्षेची वेळ कमीत कमी यावी, जमलं तर येऊच नये. गांजा लीगल करायचा पर्यायसुद्धा मतदानाला होता आणि तो पडला, फक्त एका मताने! लोक आधीच पढवून आणले असते तर निकाल असा काठावर लागला असता का?

"रस्त्यावरचे लोक" हेही चूक. २०,००० घरांना पत्रं गेली, जे तयार झाले त्यांच्यातून वय, स्त्री-पुरुष, भाग, आर्थिक परिस्थिती बघून ९९ जण निवडले आणि शंभरावे अध्यक्ष पॉल रीड, जे आधी इथल्या सरकारी आरोग्यसेवेचे प्रमुख होते.

आता "यांना काय कळतं". हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. ऑफिसला जाताना मी लिफी नदीच्या कडेच्या लाकडी बोर्डवॉकवरून जाते. एकदा सकाळी तिथल्या बाकावर विशी-बाविशीतला एक मुलगा मान टाकून बसला होता, ओठ निळे पडलेले, माणसं कॉफीचे कप घेऊन बाजूने चाललेली, मीही दोन पावलं पुढे गेलेच होते. तेवढ्यात जॅकेट घातलेली एक बाई धावत आली, गुडघ्यावर बसली, त्याच्या नाकात नॅलॉक्सोनचा, म्हणजे हेरॉईनसारख्या ड्रग्जचा ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाचा, स्प्रे मारला आणि त्याचं नाव विचारत राहिली, परत परत, अगदी आई झोपलेल्या पोराला उठवते तशी. थोड्या वेळाने त्याने श्वास घेतला. त्या दिवसापर्यंत माझंही मत त्या मेसेजसारखंच होतं, पकडा आणि आत टाका. मत बदलायला मला माहिती लागली, आणि ती कुणीतरी समोर आणून ठेवावी लागली. असेंब्लीत नेमकं तेच होतं. शंभर जण गोल टेबलांवर बसतात, डॉक्टर येतात, पोलीस येतात, वकील येतात, व्यसनातून बाहेर आलेले येतात, ज्यांची पोरं गेली ते आईबाप येतात, सगळे प्रश्न विचारता येतात आणि मग गुप्त मतदान होतं. सहा वीकेंड एकाच विषयाला देणारे किती आमदार-खासदार तुम्हाला माहीत आहेत?

राहिला खासदारांचा मुद्दा. अहो, ही सभा संसदेनेच ठराव करून नेमली, तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं गाव आपल्या मालवण तालुक्यातलं वराड. आणि सभा फक्त शिफारस करते, कायदा संसदच करते. गर्भपाताच्या वेळी असंच झालं. २०१२ मध्ये आपली बेळगावची सविता हलप्पनवार इथल्या हॉस्पिटलमध्ये गर्भपात नाकारल्यावर मरण पावली, देश पेटला, पुढे अशीच एक सभा बसली, पण शेवटचा शब्द २०१८ च्या सार्वमताचा, ६६.४ टक्के लोकांनी गर्भपातबंदी उठवायला होकार दिला. उलट मार्च २०२४ मध्ये आणखी एका सभेच्या विषयांवर दोन सार्वमतं झाली, सरकारने शब्दरचना आपल्या मनाने बदलली, लोकांनी दोन्ही पाडली. म्हणजे लोकांचा हक्क कुठे गेलाय? मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ड्रग्जच्या रिपोर्टवर संसदेने समिती नेमली, मग निवडणूक लागली, ती समिती गेली, परत नवी आली, आणि इकडे बोर्डवॉकवरची पोरं तिथेच आहेत.

आणि "आपल्याकडे आणतील". उपचाराची वाट आपल्याकडे आधीच आहे हो! १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे आपल्या अमली पदार्थांच्या, कायद्याचं कलम ६४अ वाचा, कमी प्रमाणात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. लोकांना विचारणंही नवीन नाही, गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायका आडवी बाटली करतातच की. पण तिथे फक्त उभी की आडवी एवढंच असतं, त्याआधी कुणी बसवून सगळ्या बाजू ऐकवत नाही. चंद्रपुरात २०१५ मध्ये दारूबंदी आली, २०२१ मध्ये उठली, दोन्ही निर्णय मंत्रिमंडळाचे. मोर्च्यात चाललेल्या बायका, हातभट्टीवर धाडी घालणारे पोलीस, व्यसन सुटलेले आणि न सुटलेले असे शंभर जण सहा शनिवार-रविवार एका हॉलमध्ये बसले असते तर त्यांनी काय ठरवलं असतं हे मला खरंच ऐकायला आवडलं असतं.