गाईडशिवाय सोडत नाहीत, तेच बरं आहे

आमच्या टोकियोतल्या मराठी ग्रुपवर परत तोच वाद झाला. कुणीतरी ओकिनावाची ट्रिप आखतंय, इरिओमोते बेटावर कयाकने खारफुटीतून पिनाईसारा धबधब्याला जायचंय, आणि तिथे गाईडशिवाय जाताच येत नाही, वर आधी परवानगी काढायची, दिवसाला किती माणसं सोडायची तेही ठरलेलं, हे कळल्यावर सगळे सुरूच झाले. वल्हवायचं आपण, घाम आपला, मग माणशी दहा हजार येनच्या आसपास पैसे कशाचे द्यायचे, रस्ता यूट्यूबवर दिसतो, नदी काय कुणाच्या मालकीची आहे का वगैरे वगैरे. तिथे मी चार ओळी लिहिल्या पण माझं समाधान झालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. माझं मत स्पष्ट आहे, गाईड सक्तीचा आहे हेच योग्य आहे, माणसांची मर्यादा आहे हेही योग्य आहे, आणि असंच काहीतरी आपल्या कोकणातल्या खाड्यांवर व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी जागा कुठली ते सांगते. इरिओमोते जपानच्या पार नैऋत्य टोकाला आहे, नकाशात बघितलं तर ओकिनावाच्या मुख्य बेटापेक्षा तैवान जवळ. टोकियोहून इशिगाकीला थेट विमान आहे, तिथून फेरीने पाऊण तास. बेटाचा आकार साधारण 290 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या जवळपास निम्मा, आणि राहणारी माणसं अडीच हजारांच्या आत. बाकी सगळं जंगल. हे जंगल इतकं शाबूत राहिलं त्यामागे एक दुःखाचं कारण आहे, मलेरिया. शेकडो वर्षं इथे गावं वसवली गेली आणि मलेरियाने ओस पडली, उराउची नदीच्या काठच्या कोळशाच्या खाणीत मजुरांचे अतोनात हाल झाले, आणि 1945 मध्ये शेजारच्या हातेरुमा बेटावरच्या लोकांना लष्कराने जबरदस्तीने इथे आणून ठेवलं त्यातले शेकडो जण मलेरियाने गेले. आपण जे हिरवंगार बघून वा वा करतो त्याच्यामागे हे सगळं आहे आणि ते आम्हाला कुठल्या बोर्डावर वाचायला मिळालं नव्हतं, ते गाईडने सांगितलं.

इथेच ती प्रसिद्ध इरिओमोते रानमांजर आहे, जगात फक्त या एका बेटावर, 1965 मध्ये शास्त्रज्ञांच्या नजरेत आली आणि आज अंदाजे शंभर उरलीयत. रस्त्यावर गाडीखाली येऊन मरतात म्हणून जागोजागी पाट्या आहेत, रस्त्याखालून प्राण्यांना जायला बोगदे काढलेत. 2021 मध्ये बेट जागतिक वारशात आलं आणि साहजिकच गर्दीची भीती वाढली. मग 2025 च्या मार्चपासून पिनाईसारा ज्या हिनाई नदीच्या खोऱ्यात आहे तिथे दिवसाला 200 माणसांची मर्यादा आली. त्याच्या आधी 2020 पासून गाईडला स्थानिक पालिकेचा परवाना लागायला लागला होता, म्हणजे उद्या कुणीही उठून दोन कयाक विकत घेऊन टूर कंपनी काढू शकत नाही.

आता मुख्य मुद्दा, पैसे कशाचे द्यायचे. मी आणि नवरा लग्नानंतर लगेच एकदा तिथे जाऊन आलो होतो, तेव्हा धबधब्याच्या माथ्यापर्यंत चढलो होतो. यावेळी ऑक्टोबरात गेलो तेव्हा लेक होता आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ज्या रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावात वाढलेल्या. त्या साठीच्या पुढच्या, गुडघे ठीकठाक, पोहता येतं. बुकिंग करताना वय, उंची, पोहता येतं का, काही आजार आहे का, शेवटचं किती चालला होता, असं सगळं विचारलं आणि मग त्या गाईडकाकांचा स्वतः फोन आला की तुमची सुरुवात सकाळी नऊला नको, साडेदहाला करू. कारण भरती. नऊला पाणी इतकं कमी असणार की कयाक चिखलातून ओढत न्यावी लागेल आणि ओकासानना (आईंना ते असंच म्हणत होते) चिखलात उतरवायचं नाहीये. उशिरा निघालो की चढत्या पाण्याबरोबर आत जाता येईल आणि परत येताना पाणी उतरायच्या आत बाहेर पडू. हे एवढंच जरी त्या माणसाने केलं असतं तरी माझ्या मते पैसे वसूल होते. भरतीचं वेळापत्रक मोबाईलवर मिळतं हो, पण अमुक वाकणावर किती पाणी लागतं आणि वाऱ्याने नदीच्या मुखाशी असलेल्या फुनाउराच्या उपसागरात लाटा उठल्या की काय करायचं हे मोबाईलवर मिळत नाही.

आईंना पुढच्या सीटवर बसवलं, मी मागे. पहिली दहा मिनिटं आम्ही नुसत्या या काठावरून त्या काठावर आपटत होतो, मग काकांनी सांगितलं की पुढच्याने लय धरायची आणि मागच्याने तिच्याकडे बघून मारायचं, दिशा मागचा बघेल. ते जमलं आणि एकदम शांत झालं सगळं. दोन्ही बाजूंना खारफुटी, खोडातून कमानीसारखी मुळं फुटून पाण्यात उतरलेली, त्यांच्यावर शिंपल्या चिकटलेल्या, मधल्या मोकळ्या चिखलावर टिचभर मासे उड्या मारत पळतायत. आई ओरडल्याच, अगं निवट्या! काकांनी वल्हं थांबवलं, काय म्हणाल्या विचारलं, मी सांगितलं की आमच्याकडेही हे असतात, लहानपणी या पकडायच्या. मग काय, पुढचा सगळा वेळ मी दुभाषी. तुमच्याकडे हा खेकडा आहे का, आहे, आम्ही कुर्ली म्हणतो, नांग्या आधी बांधायच्या नाहीतर बोट तोडते. ते म्हणाले अगदी बरोबर, आम्ही पण बांधतो. कुर्लीचं सार कसं करायचं हे मी आयुष्यात पहिल्यांदा जपानीत सांगितलं.

एका ठिकाणी त्यांनी फांदीवर लोंबणारी हिरवी लांब शेंग दाखवली. खरं तर ती शेंग नाही, झाडावरच रुजलेलं रोप आहे, बी झाडावर असतानाच कोंब काढतं, मग खाली पडतं, ओहोटीला पडलं तर जागच्या चिखलात रुततं आणि भरतीला पडलं तर तरंगत दुसरीकडे जाऊन रुजतं. काठावर अशी वीतभर उंचीची दोन-दोन पानांची रोपं उभी होती आणि काकांनी आम्हाला वल्हं तिथे टेकवू नका म्हणून आधीच बजावलं होतं. कयाक वळवताना काठाला वल्हं रेटायचा मोह होतोच, सगळ्यांना होतो. दिवसाला शेकडो लोक तसं रेटायला लागले तर त्या काठावर नवीन झाड येणारच नाही. तिथल्याच नाकामा नदीत मोठ्या बोटींच्या लाटांनी काठ झिजून खारफुटी कोसळायला लागल्याचा प्रश्न झाला होता, म्हणून आता बोटी हळू नेतात. नदी कुणाच्या मालकीची आहे का, या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

खारफुटीतून थेट धबधब्यापाशी कसं पोचतो हाही प्रश्न एकाने विचारला होता. बेट छोटं आहे आणि डोंगर समुद्राला अगदी लागून आहेत, सगळ्यात उंच डोंगर 469 मीटर, पाऊस भरपूर, त्यामुळे नदी डोंगरावरून कोसळते आणि थोड्याच अंतरात खाऱ्या पाण्याला मिळते. आपल्या कोकणात सह्याद्री आणि समुद्र यांच्यात पन्नासेक किलोमीटरचं अंतर असतं, खाडीतून वल्हवत कड्यापर्यंत जाणं होत नाही. इथे अर्ध्या-पाऊण तासात वल्हवून होतं, कयाक बांधायची आणि पुढे चालायचं. काकांनी झाडाला दोर बांधताना मुद्दाम भरपूर ढील ठेवली, लेकाने कारण विचारलं तर म्हणाले आपण परत येऊ तेव्हा पाणी इथवर असेल, आणि खोडावरची ओल दाखवली. परत आलो तेव्हा पाणी अगदी तिथवर होतं!

चालायची वाट मुळांनी भरलेली आणि निसरडी आहे. तळव्याला पकड असलेले बूट तेच देतात, आपले स्पोर्ट्स शूज घालू नका. वाटेत फळ्या उभ्या केल्यासारखी मुळं असलेलं एक प्रचंड झाड लागतं, सुंदरबनातल्या सुंदरीच्या कुळातलं, त्याच्यापाशी सगळे थांबतातच. मग धबधबा. 55 मीटर उंच, ओकिनावा प्रांतात सगळ्यात उंच. खालच्या डोहात पोहता येतं, पाणी थंडगार. तिथेही काका आधी पाण्याजवळ गेले, पाच मिनिटं नुसते उभे राहिले, रंग बघितला, पानं-काटक्या वाहून येतायत का बघितलं, मग उतरा म्हणाले. वर डोंगरात पाऊस पडला तर खाली ऊन असतानाच पाणी वाढतं, गढूळ होणं आणि पाचोळा येणं ही पहिली खूण. आपल्याकडे दर पावसाळ्यात धबधब्यांवर जीव जातात त्यातल्या कितीतरी घटनांमध्ये हेच असतं की वर पाऊस झाला आणि खालच्यांना पत्ता नाही. तिथे एक माहितगार माणूस उभा असता आणि त्याच्या शब्दाला मान असता तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

माथ्यावर जायचं की नाही याबद्दलही मला सांगायचंय. माथ्यावरून खाली खारफुटीचा हिरवा पट्टा, त्याच्यापुढे प्रवाळाचा फिकट निळा समुद्र आणि हातोमा बेट असं दिसतं, फोटो तिथलेच सगळीकडे फिरतात. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण दोन्ही करून झाल्यावर माझं मत असं की वेळ कमी असेल, सोबत लहान किंवा मोठी माणसं असतील, तर माथा सोडा आणि नदीत जास्त वेळ घालवा. धबधबे आपण खूप बघितलेत. भरतीच्या पाण्यावर आवाज न करता झाडांच्या बोगद्यातून जाणं हे आपल्याला कुठे मिळतं? ग्रुपवरच्या सगळ्यांचं बोलणं मात्र धबधब्यावरच अडलेलं.

तक्रारी मलाही आहेत. इंग्रजीत माहिती फार कमी आहे, परवानगीचं सगळं मुख्यतः जपानीत, बहुतेक गाईड जपानीतच बोलतात, त्यामुळे भारतातून थेट येणाऱ्याला अवघड जातं. मर्यादेमुळे सुट्टीच्या दिवसांत आयत्या वेळी जागा मिळत नाही. आणि ज्यांचं पोट रोजच्या पर्यटकांवर आहे त्यांचं नुकसान होत असणार हेही खरं आहे. तरीसुद्धा मी मर्यादेच्याच बाजूची आहे, कारण शंभर मांजरं आणि ती वीतभर रोपं गेली की पर्यटक पण जाणारच आहेत.

परतताना आई गप्प होत्या. मुक्कामी आल्यावर म्हणाल्या, आमच्या खाडीत हे सगळं आहे गं, कोणी दाखवतच नाही. ते मला फार लागलं. कारण खरंच आहे. आपल्याकडे कायदा आहे, 2005 पासून हायकोर्टाने खारफुटी तोडायला बंदी घातलीय, 2012 मध्ये कांदळवनांसाठी वनखात्याचा वेगळा कक्ष झाला, पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाला, पण सामान्य माणसाच्या डोक्यात अजूनही खारफुटी म्हणजे चिखल, डास आणि कचरा टाकायची जागा. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून लोकांना कांदळवन दाखवतात. मला हेच मॉडेल हवंय. त्या बायका त्याच खाडीत वाढलेल्या, भरती-ओहोटी त्यांच्या अंगात मुरलेली, त्यांना सरकारने रीतसर परवाना द्यावा, प्रथमोपचाराचं ट्रेनिंग द्यावं, खाडीवर दिवसाच्या होड्यांचा आकडा ठरवावा आणि मोटारबोटवाल्यांना आतल्या अरुंद भागात बंदी करावी. हे बाहेरच्या गुंतवणूकदाराचं रिसॉर्ट आणि जेट-स्की यायच्या आधी व्हायला हवं, नंतर नाही होत. पैसे गावात राहतील आणि खाडी जपणं हे गावाच्याच फायद्याचं होईल.

जे जाणारच आहेत त्यांच्यासाठी थोडं. हिवाळ्यात उत्तरेचा वारा असतो आणि बेटाच्या उत्तरेकडच्या उएहारा बंदराची फेरी सारखी रद्द होते, मग दक्षिणेकडच्या ओहारा बंदराला उतरून बसने यावं लागतं, त्यासाठी वेळ हातात ठेवा. जूनअखेर ते जुलैत जमलं तर पहाटेची टूर घ्या, आपल्या समुद्रफळाच्या कुळातली सागारीबाना नावाची फुलं रात्री फुलतात आणि पहाटे नदीत पडतात, पाण्यावर नुसता सडा. वाटेत शौचालय नाही, सगळं आधी उरकून घ्या. जेवणाला बरेच गाईड तिथेच यायेयामा सोबा (तिथल्या सूपातल्या नूडल्स) करून देतात, त्याचं पाणी डुकराच्या हाडांचं असतं, तेव्हा चालत नसेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. आईंसाठी काकांनी माशाचं वेगळं करून आणलं होतं आणि आईंनी त्यांना आमच्या डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खायला लावल्या, चार खाल्ल्या त्यांनी.

आम्ही डिसेंबरात रत्नागिरीला येतोय. दाभोळपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही खाडीत गावातलीच माणसं वल्ह्याच्या होडीतून किंवा कयाकने कांदळवनात नेत असतील तर गावाचं नाव सांगा, आईंना घेऊन जायचंय.