जीझेड म्हणजे जीझिप? छे!

पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत स्ट्रिंग दाबायला, म्हणजे मजकुराचा आकार कमी करायला, जीझेड नावाची तीन फंक्शनं: जीझेडकॉम्प्रेस, जीझेडडिफ्लेट, जीझेडएनकोड. तिन्हींच्या पोटात दाबायची पद्धत एकच, डिफ्लेट, फक्त वेष्टन वेगळं. आणि खरी जीझिप, म्हणजे .gz फाइलींचं वेष्टन, देतं कोण? एकटं जीझेडएनकोड. जीझेडकॉम्प्रेस झेडलिब हे दुसरंच वेष्टन देतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

मग एकानं जीझेडएनकोडनं भरायचं, दुसऱ्यानं जीझेडकॉम्प्रेसचा जोडीदार जीझेडअनकॉम्प्रेसनं उघडायचं, आणि 'डेटा एरर' आला की सर्व्हरच्या नावानं बोटं मोडायची. अहो, पहिले दोन बाइट बघा ना! हेक्समध्ये १एफ ८बी असेल तर जीझिप, ७८ ९सी असेल तर बहुधा झेडलिब. तेवढंही नको असेल तर झेडलिबडिकोड वापरा, तिन्ही प्रकार उघडतं. पीएचपी ५.४ पासून आहे ते, पण वापरतो कोण!

त्याहून डोकं फिरतं ते हा बायनरी माल डेटाबेसातल्या युटीएफ-८ च्या, म्हणजे फक्त अक्षरांसाठीच्या, टेक्स्ट कॉलमात कोंबतात तेव्हा. मायएसक्यूएल हा डेटाबेस स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे कडक तपासणीवर, असेल तर निदान नाकारतं. नसेल तर दुसऱ्याच बाइटवर छाटून मोकळं होतं, आणि मूळ मजकूर कायमचा गेला. ब्लॉब, म्हणजे बायनरी मालाचा कॉलम, कशासाठी असतो? वर उपाय म्हणून बायनरी साध्या अक्षरांत लिहिणारं बेस६४, म्हणजे दाबून वाचवलेल्यावर पुन्हा ३३ टक्के चढवायचे.

आणि वीस बाइटांची टोकनं कशाला दाबता? जीझिपचं शीर्षक-शेपूटच १८ बाइटांचं. लांबलचक मराठी मजकूर दाबा की. अक्षरागणिक तीन बाइट, त्यातले पहिले दोन जवळपास तेच ते, मस्त आक्रसतो.