शंभर वॅटचा उजेड

सदाशिव पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला तेव्हा आत्याच्या सामानाची वाटणी झाली. झोपाळा थोरल्या भावाने उचलला, तांब्याचा बंब धाकट्याने नेला (तो त्यात आता छत्र्या ठेवतो) आणि माझ्या वाट्याला काचेच्या तापणाऱ्या नळ्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा, रेडिओ आला. आला म्हणजे उरला. त्याच्यासोबत आत्याही आमच्याकडे राहायला आली, वय वर्षं ८६. दोघांपैकी तिची तब्येत उत्तम होती.

लाकडी पेटी, पुढे सोनेरी जाळीचं कापड, काचेवर मुंबई, दिल्ली, सिलोन. कंपनी सांगत नाही, कारण मागच्या पुठ्ठ्यावरचं नाव उंदराने खाल्लं होतं. पुठ्ठा काढल्यावर कळलं की उंदीर नव्हे, उंदरीण. आत तिचं बाळंतपण झालं होतं. गादीसाठी तिने रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक कुरतडलं होतं. एके काळी घरात रेडिओ ठेवायचा तर दरवर्षी पोस्टात फी भरावी लागे. आत्याने ती इमानेइतबारे भरली होती. त्यावर उंदरीण फुकटात राहिली.

बारावीला फिजिक्समध्ये ७१ मार्क, एवढ्या भांडवलावर मी दुरुस्तीला बसलो. शनिवार पेठेत एक काका आहेत. जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, आता फक्त सल्ला देतात, तोही फोनवर.

"प्लगला लावून पाहिला नाहीत ना?"

"नाही हो."

"मग रेडिओ वाचला." थोडं थांबून, "तुम्हीही."

इतकी वर्षं पडून असलेल्या सेटमधले कंडेन्सर गेलेलेच असतात, एकदम लाइन दिली तर ट्रान्सफॉर्मर जळतो, म्हणून मध्ये सिरीजमध्ये १०० वॅटचा बल्ब लावायचा, असं काकांनी सांगितलं. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, ढणढणीत पेटला तर आत शॉर्ट आहे. हे मला समजलं. जे समजलं नाही ते हे, की आजच्या पुण्यात १०० वॅटचा तारेचा बल्ब सहजासहजी मिळत नाही. चार दुकानं झाली. पाचव्या दुकानदाराने माळ्यावरून एक काढला, शर्टाला पुसला आणि विचारलं, "पिल्लांना ऊब द्यायला का? कोंबड्या कुठे पाळल्यात?" मी रेडिओचं सांगितलं. तो म्हणाला, "त्यापेक्षा कोंबड्या बऱ्या."

रात्री सगळी जेवणं झाल्यावर बटण दाबलं. बल्ब मंद. मी मुठी आवळल्या. अर्ध्या मिनिटात रेक्टिफायर व्हॉल्व्ह तापला आणि बल्ब हळूहळू वाढत वाढत असा पेटला, की समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी डोकावून पाहिलं. बायको दारात उभी होती. "काय उजेड पाडलास!" ती म्हणाली. आमच्या लग्नाला १९ वर्षं झाली. हे वाक्य तिने आजवर अनेकदा म्हटलंय, पण शब्दशः खरं पहिल्यांदाच ठरलं.

मग बुधवार पेठ, तपकीर गल्ली. जुना फिल्टर कंडेन्सर हिंगाच्या डबीएवढा होता. त्याच्या जागी आला तो ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा, अंगठ्याएवढा. मेणाने माखलेले कागदी कंडेन्सरही सगळे बदला, असं काकांनी बजावलं. "आणि चालू सेटमध्ये काम करताना डावा हात खिशात. आत २५० व्होल्ट असतात. दोन्ही हात घातलेत तर करंट छातीतून जातो." मी लेंग्यात होतो. लेंग्याला खिसा नसतो. म्हणून डावा हात पाठीवर ठेवला आणि उजव्या हातात मीटरची काडी धरली. आत्या म्हणाली, "अगदी आमचे मास्तर दिसतोस. आता उठाबशा काढायला लावशील."

कंडेन्सर बदलले. सोल्डरचे डाग बरे बसले, म्हणजे जिथे पाहिजे तिथेही बसले. पण खरी परीक्षा डायलच्या दोरीची.

ज्यांनी ही दोरी कधी ओवली नाही त्यांनी देवाचे आभार मानावेत. मागे एक भलं मोठं चाक, पुढे बोटभर दांडी, वर दोन टोकांना दोन इवल्या पुल्या, आणि या सगळ्यांतून एकच दोरी अशी फिरवायची, की शेवटी चाकातल्या स्प्रिंगला गाठ बसली पाहिजे. दांडीवर तीन वेढे. अडीच दिले तर घसरते, चार दिले तर एकावर एक चढतात. मूळ दोरी कशी होती याचा फोटो मी काढला नव्हता. ती मी पहिल्याच दिवशी 'आधी साफसफाई' म्हणून ओढून फेकून दिली होती. रविवारी सकाळी दहाला बसलो. एका हाताने चाक, दुसऱ्याने दोरी, स्प्रिंग दातात. गाठ मारायला तिसरा हात हवा, म्हणून मुलाला बोलावलं. त्याने मोबाईलवरची नजर न उचलता बोट पुढे केलं, आणि नेमकं गाठ आवळताना त्याला शिंक आली. स्प्रिंग सुटली. ती दुपारी चारला वरणात सापडली, कारण जेवायला उशीर झाला होता. पाचव्या खेपेला काटा सरसर सरकला, या टोकाचा त्या टोकाला गेला, आणि मी इतका हळवा झालो की बायकोने चहा करून दिला.

सेट चालू केला. बल्ब पेटला, मंदावला. व्हॉल्व्ह नारिंगी झाले. स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारी मॅजिक आय हिरवी उमलली. आणि स्टेशन? एकही नाही. नुसती मंद घूं.

"व्हॉल्यूमच्या मधल्या पिनेला पेचकस लावा," काका.

"भुर्र झालं."

"मग आवाजाचा भाग चोख आहे. पुढचं बघा. स्टेशन पकडणारा व्हॉल्व्ह, ईसीएच ८१, गेला असेल."

ईसीएच ८१ साठी दोन रविवार जुना बाजार. मोडक्या समया, एका पायाचे बूट आणि मिक्सरच्या मोटारी यांच्यामध्ये एका माणसाकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेला मिळाला. "चालू आहे ना?" विचारलं तर म्हणाला, "साहेब, चालू असता तर इथे आला असता का?" मग स्वतःच म्हणाला, "घेऊन बघा." घेतला. घूं. ओळीने सगळे व्हॉल्व्ह काढून घातले. घूं. गॅलरीत कपड्यांच्या दोरीवरून एरियलची तार नेली. सोसायटीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आली, रेडिओ नाही आला. चौथा महिना लागला.

एका संध्याकाळी आत्या काठी टेकत आली. जगाच्या बातम्या मला रोज सकाळी तिच्याकडूनच कळायच्या. मला वाटे बायकोच्या फोनवर ऐकत असेल. तिने चष्मा कपाळावर सरकवला, पेटीच्या उजव्या अंगाचं बटण एक घर मागे फिरवलं आणि म्हणाली, "हे तबकडीवर होतं. ह्यांचा ग्रामोफोन लावायचो ना याला."

खर्रर्र झालं, आणि खोलीत माणूस बोलायला लागला. शेतीविषयी काहीतरी. मॅजिक आयच्या हिरव्या पट्ट्या एकमेकींना भिडल्या. आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ. बटणावरची खूण पुसलेली होती, म्हणून चार महिने मी चांगल्या रेडिओचे अवयव बदलत होतो.

काटा मात्र भलत्याच टोकाला होता. दोरी उलटी ओवली गेली होती. काचेवर डावीकडे असायला हवं ते पुणं पार उजवीकडे, सिलोनच्याही पलीकडे लागत होतं. आत्या काचेकडे बघत म्हणाली, "असू दे. पुणं वाढलंय म्हणतातच." दोरी मी पुन्हा ओवणार नाही. नवीन बिऱ्हाड म्हणून मान्य केलं.

राहिली खरखर. वाड्यात ती नव्हती. आता घरोघरी एलईडी, चार्जर, राउटर, वर लिफ्टची मोटर. मिडियम वेव्हवर हे सगळे एकदम बोलतात. मी आमच्या घरातलं एकेक बंद केलं. शेजारच्यांनाही चार्जर काढायची विनंती केली. त्यांनी दार लावून घेतलं.

आणि गुरुवारी सकाळी लाइट गेले. बिल्डिंगभर शांतता. लिफ्ट, पंखे, चार्जर, सगळं ठप्प. आयुष्यात एवढी स्वच्छ मिडियम वेव्ह पुण्यात परत मिळणार नाही, असं वाटून मी धावत गेलो, बटण दाबलं आणि वाट पाहत बसलो. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. दोन मिनिटांनी डोक्यात प्रकाश पडला.

आतल्या खोलीतून बातम्या ऐकू येत होत्या. स्वच्छ, एक खरखर नाही. आत्याच्या उशीशी साबणाच्या वडीएवढा ट्रान्झिस्टर होता, दोन पेन्सिल सेलवर चालणारा.

"हा कधीपासून आहे?"

"सतरा-अठरा वर्षं झाली असतील," ती म्हणाली. "तुझं झालं का रे दुरुस्त? सेल बदलायचेत याचे."